माझ्या नावाची मूठ

शुक्रवार, १ ऑगस्ट

निघालो होतो मस्कतला आणि मुक्काम पडला रास लुबानला. असं काही गाव आहे हे सकाळपर्यंत आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं, आणि गंमत म्हणजे मला ते बघताक्षणी आवडलं.

ही डायरी एका औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिलेली. एरंडोलला आमचं मेडिकल आहे. लायसन्स माझ्या नावावर आणि गल्ल्यावर जितेंद्र, म्हणजे आमचे हे. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावता लावता स्वतःचं अक्षर काढायची इच्छाच उरत नाही, त्यामुळे पानं कोरीच राहिली. ओमानला आल्यावर रोज लिहीन म्हटलं होतं. सलालाचे हिरवे डोंगर बघण्यात तेही राहिलं. आज मुहूर्त लागला.

परवा कानबाई, आमच्या खानदेशातला देवीचा सण. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. गावचं घर पाडून नवीन बांधकाम काढलंय, देवी बसवायला जागा नाही, म्हणून माझा धाकटा दीर प्रेमराज मस्कतला असतो त्याच्याकडे यंदा बसवायचं ठरलं. सासूबाईंना हे पटायला दोन महिने लागले. पटल्यावर मात्र त्यांनी कानबाईचा नारळ, तिचे दागिने, गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ असं सगळं बांधून घेतलं. नारळ विमानात मांडीवर. हवाई सुंदरी म्हणाली की पिशवी वर ठेवा. सासूबाईंनी तिला अहिराणीत असं काही सांगितलं की ती बिचारी हसून निघून गेली. तिला एक अक्षर कळलं नाही म्हणूनच हसली.

सलालाहून किनाऱ्याच्या रस्त्याने गाडीने जायचं ही जितेंद्रची हौस. इथे स्टिअरिंग डाव्या हाताला. दर वळणावर हे गिअर समजून दरवाज्याचं हँडल धरायचे आणि हर्षाली मागून टाळ्या वाजवायची. हर्षाली आमची एकुलती एक, वय आठ, पुढचे दोन दात पडलेले आणि तोंड अखंड चालू. समुद्र खारट कशाने होतो, मासे पाणी पितात का, आजीचा नारळ आजीपेक्षा मोठा आहे का. उत्तर नाही दिलं तर तोच प्रश्न पुन्हा.

दुपारी पुढच्या घाटात दरड कोसळली म्हणून पोलिसांनी गाडी वळवायला लावली. मागे फिरलो तर सकाळी ज्या कोरड्या ओढ्यातून आलो होतो त्यातून गढूळ पाणी धो धो वाहत होतं. एका पोलिसाने हाताने खाली दाखवलं. खाली हे गाव.

बुटकी पांढरी घरं, बहुतेकांना कुलपं. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, मासेमारी बंद, म्हणून लोक डोंगरावर नातलगांकडे जातात म्हणे. होड्या वाळूवर ओढून पालथ्या घातलेल्या. भर दुपारी धुकं. रेस्ट हाऊस सांभाळतात सलीमभाई, कच्छ-मांडवीचे. सासूबाईंचं अहिराणी आणि त्यांचं गुजराती यांचं लगेच जमलं. त्यांनी डाळ-भात केला. खिडकीतून समुद्राचा आवाज येतोय. जितेंद्र घोरायला लागलेत. मी खूश आहे.

शनिवार, २ ऑगस्ट

रस्ता उघडायला पाच-सहा दिवस लागतील. फोनला रेंज फक्त मागच्या टेकडीवर येते. तिथे चढून जितेंद्रने प्रेमराजला कळवलं. प्रेमराजने आधी हर्षूला फोन द्यायला लावला, नेहमीसारखं तिला ‘बोबडी’ म्हणून चिडवलं आणि मग म्हणाला की घाई करू नका, आम्ही आमची कानबाई इथे बसवतो, तुम्ही तुमची तिथे बसवा.

सासूबाईंचा चेहरा उतरला होता, पण खंड पाडायचा नाही म्हणजे नाही. लागल्या कामाला. सलीमभाईंच्या स्वयंपाकघरातला ओटा त्यांनी स्वतः तीनदा धुतला. नंतर सूप मिळेना म्हणून परातीत गहू घेतले आणि मुठी काढल्या.

आमच्या घरची रीत अशी, की घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू त्याचं नाव घेऊन काढायचे. त्या गव्हाचे रोट करायचे, म्हणजे जाडसर गोड पोळ्या. ज्याच्या नावाची मूठ, त्याचा रोट. तो फक्त घरच्यांनी खायचा, बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही. एवढंच नाही तर खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा उघड्यावर टाकत नाहीत, अंगणात खड्डा करून त्यात ओततात आणि बुजवतात. माझं लग्न झालं त्या वर्षी मला विचित्र वाटलं होतं. श्रावणापर्यंत मी त्या घरात पाहुणीसारखीच होते. कानबाईला सासूबाईंनी माझ्या नावाची पहिली मूठ काढली, मी रोट खाल्ला आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या की आता ही आपली झाली. मला रडू आलं होतं. का ते तेव्हा कळलं नव्हतं.

आज त्यांनी आमच्या चौघांच्या मुठी काढल्या. जितेंद्र, त्या स्वतः, मी, हर्षाली. काही घरांत पोरीची मूठ काढत नाहीत, पोर परक्या घरची म्हणतात. आमच्या सासूबाई काढतात. याबाबतीत मी त्यांना मानते. गहू सलीमभाईंच्या मिक्सरमध्ये दळले. मिक्सर दोनदा तापला.

संध्याकाळी सगळे वाळूत फिरलो. केवढी रुंद वाळू, लांबवर चालत गेलं तरी पाणी येईना. हर्षू शंख वेचून दमली.

रविवार, ३ ऑगस्ट

सकाळी उठले आणि माझी अडचण झाली. गोळी घेऊन पुढे ढकलता आली असती, पण मेडिकलवालीच्याच सामानात गोळी नव्हती. सासूबाईंनी माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. आजपासून मी बाजूला. शिवायचं नाही, रोट खायचा नाही. माझ्या नावाचा रोट डब्यात घालून, फडक्याने बांधून, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. पाचव्या दिवशी न्हाऊन खायचा. पौर्णिमेच्या आत संपला म्हणजे झालं, आणि पौर्णिमा शनिवारी आहे.

मी दाराशी खुर्ची टाकून सगळं बघितलं. चौरंगाला केळीचे खांब लागतात. इथे कुठली केळी मिळायला? सलीमभाईंनी कुठून तरी दोन खजुराच्या फांद्या आणल्या, त्या बांधल्या. नारळावर डोळे रेखले, नथ घातली, हिरवा खण नेसवला. एवढ्या लांब, धुक्यात, परक्या भिंतीपुढे कानबाई बसली आणि खरंच घर झाल्यासारखं वाटलं. पुरणपोळी, खीर, लाल भोपळ्याची भाजी. कांदा-लसूण नाही. हर्षू घागरा घालून मिरवत होती.

जेवायला ती तिघं बसली. जितेंद्र आणि सासूबाईंनी आपापले रोट खाल्ले. हर्षूला रोट आवडत नाही, जाड असतो, घशाला चिकटतो. दरवर्षी तिला अर्धा तास लागतो. आज ताट लवकर रिकामं झालं म्हणून मी तिचं कौतुकही केलं.

नंतर प्रश्न आला हात धुतलेल्या पाण्याचा. अंगण सगळं सिमेंटचं. खणायचं कुठे? जितेंद्र म्हणाले, एवढी मोठी वाळू आहे की. ते आणि हर्षू बादली घेऊन खाली गेले. सगळ्यात कोरडी, सगळ्यात सपाट जागा बघून त्यांनी खड्डा केला. उष्टं, पाणी सगळं त्यात घालून वर वाळू लोटली आणि आले.

आत्ता, संध्याकाळी, मी पायरीवर उभी राहून बघतेय तर ती जागा दिसतच नाही. पाणी पार होड्यांपर्यंत आलंय. मी सलीमभाईंना विचारलं की पूर आलाय का. ते हसले. म्हणाले, भरती है, दिन में दो बार आती है. आता आम्ही तापी-गिरणेकडची माणसं. आमच्या नदीला पूर येतो तो वर्षातून एकदा आणि आरडाओरडा करत येतो. रोज दोन वेळा गुपचूप वर चढणारं पाणी आम्हाला काय ठाऊक? सासूबाईंना हे सांगितलं नाही. उगाच जिवाला लावून घेतील.

सोमवार, ४ ऑगस्ट

आज कानबाईची बोळवण. आमच्याकडे नारळ पाण्यात सोडत नाहीत, अंघोळ घालून परत आणतात, फुलं तेवढी सोडतात. सासूबाईंनी नारळ डोक्यावर घेतला, गाणी म्हणत निघाल्या. जितेंद्र थाळी वाजवत, हर्षू नाचत. मी पायरीवर थांबले. थोडं अंतर गेल्यावर धुक्याने त्यांना गिळलं, फक्त थाळीचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

बराच वेळ गेला. तिघं गेली होती. धुक्यातून चौघं आली.

सासूबाई पुढे, त्यांच्यामागे जितेंद्र, आणि त्यांच्या बरोबरीने एक बाई. चाळिशीची असेल, किंवा नसेल. अंगावर रंग उडालेलं काहीतरी लांब. केस मोकळे. हर्षू सगळ्यात मागे, दोन्ही चपला हातात घेऊन, गप्प. मला वाटलं, गावातली कुणीतरी पोचवायला आलीय. मी हसून नमस्कार केला. ती माझ्याकडे न बघता माझ्या शेजारून आत गेली. घरच्यासारखी.

मी जितेंद्रला विचारलं की कोण या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी खुळ्यासारखं विचारलंय. म्हणाले, कोण म्हणजे, आपल्यातलीच. आणि आत जाऊन पाणी प्यायले. सासूबाईंना विचारलं. त्या नारळ पुसत होत्या. “हाई आपलीच शे,” एवढंच म्हणाल्या आणि पुसत राहिल्या. मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. या मायलेकांना चेष्टा करायची सवय नाही, तरी तसंच वाटलं.

जेवताना सासूबाईंनी ताटं मांडली. त्यांचं, जितेंद्रचं, त्या बाईचं. माझं बाजूला. हर्षूचं नव्हतं. मी म्हटलं, आई, हर्षूचं ताट राहिलं. त्यांनी ऐकलं नाही. मी दुसऱ्यांदा म्हटलं. मग मीच उठून ताट घेतलं आणि तिला माझ्याजवळ बसवून भरवलं. दोन घास खाल्ले आणि चव लागत नाही म्हणाली.

ती बाई फार खाते. मान खाली घालून, थांबत नाही, बोलत नाही. जितेंद्र तिला वाढत होते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सकाळी हर्षू खोलीत नव्हती. धावत खाली गेले. पाण्याच्या कडेला उभी होती, लाट पायावर घेत. हात धरला तर बर्फ. मी विचारलं, बाळा, इथे का आलीस. ती म्हणाली की घरात जागा नाही. म्हणजे काय, तर आजीच्या शेजारी ती बाई झोपली होती आणि हर्षूची गादीच घातली नव्हती. रात्री ती माझ्या खोलीच्या दाराबाहेर बसून होती. मला हाक मारली म्हणाली. मी ऐकली नाही. मी आई आहे आणि मी ऐकली नाही.

तिला मांडीवर घेऊन होडीच्या आडोशाला बसले. काय झालं, सगळं सांग म्हटलं. तेव्हा रडत सांगितलं. रविवारी तिने रोट खाल्लाच नाही. ताटाखाली लपवला, मग पप्पांबरोबर खड्ड्यावर गेली तेव्हा त्यांचं लक्ष नसताना अख्खा रोट खड्ड्यात टाकला. मी रागवेन म्हणून बोलली नाही. रागवायचं काय त्यात? मी लहानपणी कारल्याची भाजी खिडकीतून टाकायचे.

तर तिच्या नावाचा रोट खड्ड्यात, खड्डा भरतीच्या पाण्यात. पाण्यात जे काही होतं त्याने तो खाल्ला. आणि ज्याने रोट खाल्ला तो घरचा.

हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. बी फार्म झालेली बाई मी. पण दुसरं काही सुचत नाही.

दुपारी हर्षूला घेऊन आत आले. सासूबाई दाराशी होत्या. वाकून तिच्याकडे नीट बघितलं. प्रेमानेच बघितलं. मग मला विचारलं, “कोनी पोर शे हाई?” कुणाची पोर आहे ही. ज्या बाईने हिला बाळंतपणात तेलाने न्हाऊ-माखू घातलं, तिने.

मी जितेंद्रच्या अंगावर ओरडले. लग्नाला बारा वर्षं झाली, अशी कधी ओरडले नव्हते. म्हटलं, तुमची पोर आहे, हर्षाली, तिच्या पायाच्या अंगठ्याला तुमच्यासारखी गाठ आहे, बघा. त्यांनी बघितलं. मला शांतपणे म्हणाले की चारू, तू दमलीस. असेल सलीमभाईंच्या ओळखीची, संध्याकाळी आपल्या घरी जाईल. आणि तिच्या हातावर खाऊ म्हणून एक बिस्किट ठेवलं.

हर्षूने त्यांना पप्पा म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

ती बाई माझा निळा गाऊन घालून खिडकीत बसलीय.

बुधवार, ६ ऑगस्ट

रात्रभर हर्षूचा हात माझ्या मनगटाला ओढणीने बांधून ठेवला.

टेकडीवर गेलो. प्रेमराजचा फोन जितेंद्रने स्पीकरवर ठेवला. सगळ्यांची चौकशी केली त्याने. आईची, माझी, गाडीची. हर्षूचं नाव नाही. मी मध्येच म्हटलं, भाऊजी, बोबडीशी बोला. तो म्हणाला, कोण बोबडी? त्यानेही रविवारी तिकडे त्याच कानबाईचा रोट खाल्ला होता.

मला एकटीला का आठवतंय हे आता कळलंय. मी अजून रोट खाल्लेला नाही. माझा डबा कोपऱ्यात बांधलेला आहे.

सलीमभाईंना दिसतं. आज अंगण झाडताना हळूच म्हणाले, आए थे तब चार थे, भाभी, अब पाँच हैं. मी त्यांचा हातच धरला. विचारलं, कोण आहे ती, काय करू. ही बाई धुक्याच्या दिवसांत किनाऱ्यावर उभी असलेली त्यांनी पाहिली होती, दोन वर्षांपूर्वीही. कुणाची तरी वाट बघतेय असं वाटलं, म्हणून कधी जवळ गेले नाहीत.

सासूबाईंना मी सरळ विचारलं, अजून एक रोट करता येईल का. गहू आहेत. त्या घाबरल्या. बोळवण झाल्यावर मूठ निघत नाही, पुढच्या श्रावणापर्यंत नाही. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “उद्या आंग धोई ले आनी तुना रोट खाई ले.” म्हणजे उद्या न्हाऊन घे आणि तुझा रोट खा. मायेने म्हणाल्या. खाल्ला की मीही सुखात. मीही विचारीन, ही कुणाची पोर.

दुपारच्या भरतीला हर्षू ओढणी सोडवून गेली. गुडघाभर पाण्यात होती. बोलावलं तर वळली, पण लगेच नाही. आधी मला ओळखायला थोडा वेळ लागला तिला.

ती बाई आज पहिल्यांदा बोलली. जितेंद्रना अहो म्हणाली. आवाज माझा.

गुरुवार, ७ ऑगस्ट

न्हायले. सासूबाईंनी डबा माझ्या हातात दिला. सगळे बघत होते. ती बाई सर्वांत जास्त. डब्यावरून तिची नजर हटत नव्हती.

म्हटलं, बाहेर बसून खाते, समुद्राकडे तोंड करून. कुणी अडवलं नाही.

मला भीती वाटतेय. हे नीट लिहून ठेवते. मी शूर वगैरे नाही. फडक्याची गाठ सुटेना. हा रोट माझ्या नावाचा आहे. तो दिला की माझ्याजवळ काय उरतं ते मला माहीत आहे, मी दोन दिवस तेच बघतेय — पण ती आठ वर्षांची आहे. तिचे दात अजून यायचेत.

हर्षू पायरीवर येत नव्हती. मीच खाली वाळूत गेले. जवळ घेतलं. तुकडे केले, तुपात बुडवून मऊ केले. म्हटलं, घशाला चिकटला तरी गिळ, माझी शहाणी. तिने विचारलं, तुझा आहे ना. म्हटलं, आपलाच आहे. तू काय खाणार मग? म्हटलं, मला भूक नाही.

शेवटचा घास खाईपर्यंत तिचा हात गरम झाला होता. बोटं चाटली. मग वर बघून म्हणाली, आजी हाक मारतेय. आणि पळाली. वळून बघितलं नाही तिने.

वरून जितेंद्रचा आवाज आला. हर्षे, कुठे होतीस, किती शोधलं. माझ्यासमोर उचलून घेतलं तिला.

मला रडू येतंय ते आनंदाने. खरंच आनंदाने. नुसतं जरा —

शुक्रवार, ८ ऑगस्ट

रस्ता उघडला. गाडीत सामान भरतायत.

पायऱ्या चढता येत नाहीत. पाय उचलला की परत वाळूतच. डायरी काल खाली राहिली म्हणून हातात आहे. अहो म्हणून हाक मारली. जितेंद्रने डिकी लावली.

सासूबाईंनी नारळ मांडीवर घेतला. मी बराच वेळ आई, आई म्हणत होते.

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि आत गेले.

ती माझ्या जागेवर बसलीय. पुढे. माझी हिरवी साडी. हर्षूच्या दोन वेण्या तिने घातल्या. घट्ट, नीट. तिला भांग सरळ पाडता येतो. हर्षूने मागून तिच्या गळ्यात हात टाकले, मम्मी, मासे पाणी पितात का गं —

विचारतेय. परत विचारतेय. बरी आहे. बरी आहे माझी —

भूक लागलीय. कशी सांगू.

गाडी वळली. मागच्या काचेला हर्षू. मला बघतेय. किनाऱ्यावर उभी असलेली कुणीतरी बाई बघावी तशी. मग हात हलवला. तिला कुणालाही हात हलवायची सवय आहे, बसमधूनसुद्धा. मला हलवला. मीही हात वर केला, आणि पाणी घोट्यापर्यंत आलंय, मी तिला मोठ्याने म्हटलं की पुढच्या श्रावणात रोट नीट खा, टाकू नको, आणि ती काच खाली करून ओरडली, काही म्हणालात का —